दोन सिलिंडरची गाडी आणि मुकादमाची बोटं

पहाटे साडेचारला मुकादमाचा दिवस सुरू व्हायचा. घड्याळ लावावं लागत नसे. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग तो जागा व्हायचा. अंथरुणातच दोन्ही हात काखेत दाबून तो थोडा वेळ पडून राहायचा. बोटांत ऊब आली की उठायचं, तोंड धुवायचं. थंडीच्या दिवसांत काडेपेटीची काडी त्याच्या बोटांतून निसटायची, म्हणून शेगडी पेटवायचं काम बायकोचं. दोघं चहा घ्यायची आणि उजाडायच्या आत तो रस्त्याला लागायचा.

तो ओतशाळेत कामाला होता. ओतशाळा म्हटलं की लोकांना भट्टी आठवते, ठिणग्या आठवतात. त्याच्या पुढचं काम कुणाला ठाऊक नसतं. साचा फोडून काढलेलं कास्टिंग थंड झालं की त्याच्या अंगाला वाळू चिकटलेली असते, सांध्यांवर लोखंडाचे पापुद्रे राहिलेले असतात. ते हवेच्या छिन्नीने उडवावे लागतात. मागून दाबाची हवा, पुढे पोलादी धार, आणि घोडा दाबला की मोजता येणार नाहीत इतके ठोके. ही छिन्नी नुसती धरून चालत नाही. तिच्यावर अंगाचा भार टाकावा लागतो. भार कमी पडला की ती नाचते, घसरते आणि माणसाच्या मांडीत शिरते. म्हणून कोपरं ताठ, खांदे वर, दात आवळलेले आणि छाती हातांच्या पाठीशी. असा तो मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत उभा राहिला. त्याने साफ केलेलं कास्टिंग पुढच्या खात्यातून कधी परत आलं नाही. एवढं सांगितलं म्हणजे त्याच्या कामाबद्दल सांगून झालं.

मुकादम तो कधीच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारायचा, म्हणून सोबत्यांनी चेष्टेने ते नाव ठेवलं. तो पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत असायचा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं ते स्वतःचीही बोटं चोळत होते, म्हणून बोलले नाहीत.

निवृत्तीच्या आधी कारखान्याच्या डॉक्टरने त्याचे हात तपासले, तेव्हा बायको शेजारीच बसली होती. डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. छिन्नीच्या थरथरीने बोटांच्या शिरा आणि नसा खराब झाल्या आहेत. म्हणून गारठ्यात, किंवा काही थरथरणारं हातात धरलं की रक्त मागे फिरतं आणि बोटं पांढरी पडतात. आत्तापर्यंत दर वेळी ती परत लाल झाली. पण असंच चालू राहिलं तर एखाद्या दिवशी होणार नाहीत, आणि मग सदऱ्याचं बटणसुद्धा दुसऱ्याने लावायचं. मुकादमाने मान हलवली. बायकोने दोनदा विचारून सगळं पक्कं करून घेतलं.

आणि नेमकी आता त्याला गाडी हवी होती.

ही इच्छा नवी नव्हती. तो कामाला लागला त्या वर्षी वीजघरातला एक फिटर दोन सिलिंडरच्या मोटरसायकलवर यायचा. गाडी फाटकातून आत शिरली की तिचा आवाज छातीवर न आदळता अलगद बाजूने निघून जायचा. एकदा त्या फिटरने त्याला मागे बसवून घरापर्यंत सोडलं. पुढे मुकादमाने स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली, पण ती एका सिलिंडरची. धडधड करत अंग खिळखिळं करायची. दिवसभर छिन्नी आणि संध्याकाळी पुन्हा छिन्नीच. मुलगी झाल्यावर ती विकली तेव्हा त्याला जराही वाईट वाटलं नाही. दोन सिलिंडरच्या गाडीसाठी मात्र तो जादा पाळीचे पैसे बाजूला टाकत राहिला. ते एकदा छपराला गेले, एकदा मुलीच्या शिक्षणाला आणि एकदा बायकोच्या ऑपरेशनला. कुरकुर न करता त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लांब कुठे जायचं त्याच्या मनात नव्हतं. तळ्याच्या कडेने, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, सावकाश, बायकोला मागे बसवून. बस्स. बायकोने ऐकून घेतलं आणि अट घातली. गाडी चालवून बघायची, पण उतरल्यावर बोटं तिला दाखवायची. पांढरी दिसली की तो विषय बंद, पुन्हा काढायचा नाही. मुकादमाने कबूल केलं. दुसरा काही इलाज नव्हता. ती बोलली की बोलली.

लाकडाच्या वखारीमागे एका मिस्त्रीची शेड होती. तो जुन्या गाड्या आणून नीट करायचा आणि मनासारखं गिऱ्हाईक भेटलं तरच विकायचा. चष्मा कायम कपाळावर, बोलणं मोजकं. त्याच्याकडे त्या दिवशी जोड सिलिंडरच्या तीन गाड्या होत्या. मुकादम, त्याची बायको आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघं गेले. मेव्हण्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण मोटरसायकल म्हटलं की त्याला आमंत्रण लागत नसे.

पहिली गाडी साडेसहाशे सीसीची. काळपट लाल टाकी, चकचकीत नळ्या, रुबाब असा की मेव्हण्याच्या तोंडाला पाणी सुटलं. दुसरीचे सिलिंडर दोन्ही बाजूंना कोपर काढावेत तसे बाहेर आलेले. तिसरी अडीचशेची, राखाडी, बघून विसरून जावी अशी. मिस्त्रीने तिघींचे स्वभाव सांगितले. पहिलीचे दोन्ही पिस्टन एकदम वर जातात, एकदम खाली येतात. आवाज दणदणीत, पण वेग वाढला की हातांना जाणवतं. दुसरीचे पिस्टन समोरासमोर धावतात, ती सगळ्यांत गुळगुळीत, पण जड. तिसरीचा एक पिस्टन वर गेला की दुसरा खाली येतो. ताकद बेताची, हातांना त्रास कमी.

मेव्हण्याने तिसरीकडे बघून नाक मुरडलं. "दाजी, ही गाडी आहे की शिवणयंत्र?"

"शिवणयंत्रावर तुझी फी भरलीय मी," बायको म्हणाली. "जरा जपून बोल."

ते खरं होतं. तिची निम्मी हयात ताडपत्री शिवण्याच्या कारखान्यात गेली होती. मेव्हणा त्यानंतर बराच वेळ टाकीवरचा रंग न्याहाळत राहिला.

मुकादमाने गाडी सुरू करा असं म्हटलंच नाही. त्याने आधी कोट काढला. शेडपुढचं अंगण फाटकाकडे चढत गेलेलं होतं. त्याने एकेक गाडी बंद इंजिनावर, उलट्या बाजूने, चढावर ढकलून बघितली. रस्त्यावर गाडी सगळेच चालवतात. खरं काम ती बंद पडल्यावर असतं. साडेसहाशेची गाडी फाटकापर्यंत गेली, पण त्याला भिंतीला टेकून दम खावा लागला. कोपरवाली निम्म्या चढावर अडली आणि मिस्त्रीने येऊन मागून टेकू दिला. तिथेच ती निकालात निघाली. अडीचशेची फाटकापर्यंत गेली आणि वर त्याला शिट्टी वाजवण्याइतका श्वास उरला. मिस्त्रीने चष्मा डोळ्यांवर घेतला.

तरीही मुकादमाची नजर लाल टाकीवरून हटेना. मेव्हणा कानाशी होताच. इतकी वर्षं थांबल्यावर घ्यायची तर मोठीच घ्यावी, चार लोकांनी वळून बघावं, वगैरे. मुकादम मोठीवर बसला आणि फाटकाबाहेर पडला.

पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं छान होतं. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षाही चांगला होता. टाकीला वळसा घालताना त्याला क्लच दाबायचा होता आणि बोटं दांडीवर आहेत की नाहीत हेच कळेना. त्याने मान खाली घालून बघितलं. बोटं दांडीवरच होती, पण दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मान वर केली तेव्हा फळ्यांनी भरलेली हातगाडी समोर होती. हातगाडीवाल्याने त्याच्या घराण्याचा उद्धार केला. मुकादमाने थांबून माफी मागितली आणि पहिल्या गिअरमध्ये रांगत परत आला.

अंगणात उतरून त्याने हात पाठीमागे बांधले आणि गाडी बरी आहे, पण जरा महाग वाटते, असं काहीतरी पुटपुटला. मेव्हण्याने भाव पाडायला तोंड उघडलं.

"हात पुढे," बायको म्हणाली.

त्याने हात पुढे केले. दोन्ही हातांची चारही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी होती. मेव्हणा बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं दाजींच्या घरी जेवून त्याला हे माहीत नव्हतं, आणि आता तो एकदम लहान दिसायला लागला. मिस्त्रीने चहा मागवला. बायकोने गरम पेला नवऱ्याच्या हातात दिला आणि वरून स्वतःचे हात ठेवले. बोटं परत लाल होताना फार दुखतात. मुकादम दुसरीकडे बघत राहिला.

एक गाडी उरली होती. विषय बंद असं बायको म्हणाली नाही, तेवढी सवलत तिने दिली. बोटं पूर्ण लाल झाल्यावर खिशातले हातमोजे चढवून तो अडीचशेवर बसला. ही गाडी मांजरासारखी घुरघुरत निघाली. त्याने वेग बेताचा ठेवला, टाकीला वळसा घातला, हातगाडीवाल्याला मान लववली आणि परत आला. या वेळी त्याने कुणी सांगायच्या आत हातमोजे काढले.

बोटं पांढरी होती. मघापेक्षा कमी, शेवटच्या पेरापुरती. पण पांढरी.

त्याने किल्ली मिस्त्रीच्या हातात ठेवली. गाडीत दोष नाही, म्हणाला, राहू द्या. आवाज साधाच होता. मग भिंतीजवळच्या रिकाम्या खोक्यावर जाऊन बसला आणि हात काखेत घातले. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी हार घातले, भाषणं केली, तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं. कामाने हात घेतले हे तो केव्हाच समजून चुकला होता. पण हात परत मिळणार नाहीत, रिकाम्या वेळेतसुद्धा नाहीत, हे त्याला त्या खोक्यावर कळलं.

बायको मात्र गाडीजवळच होती. तिने मिस्त्रीला इंजिन सुरू करायला लावलं आणि स्वतः हँडलच्या मुठीवर हात ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग दुसऱ्या मुठीवर ठेवला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्याशा गुदगुल्यांनी बोटं पांढरी? तिने इंजिन बंद करायला सांगितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"इथे बसा. चालवायची नाही. नुसतं धरून दाखवा, रस्त्यावर धरता तसं."

तो नाइलाजाने उठला आणि बसून हँडल धरलं. ती भोवती फिरली. खांदे कानांना लागलेले. कोपरं ताठ. तिने त्याच्या मनगटावर बोट दाबून बघितलं, लाकूड परवडलं. छाती पुढे झुकलेली, सगळं अंग हातांच्या मागे. बंद गाडीवर माणूस घाम गाळत होता.

"तुम्ही ढकलताय कुणाला?" ती म्हणाली.

त्याला प्रश्न कळला नाही. भार टाकला नाही तर सुटेल, असं तो म्हणाला.

"काय सुटेल?"

त्याने हँडलकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. मिस्त्री गालातल्या गालात हसला, पण वाईट हसला नाही.

मग तिने त्याला तिच्या कारखान्यातलं सांगितलं. ताडपत्री जाड, मशीन मोठं, म्हणून नव्याने आलेली बाई कापड मागून जोर लावून आत ढकलायची. सुया मोडायच्या, शिवण वाकडी जायची, संध्याकाळी खांद्यातून कळा. जुन्या बायका सांगायच्या, कापड ओढायचं काम मशीनचं आहे, तू फक्त दिशा दे. हे ऐकून समजायला प्रत्येकीला महिना लागायचा, कारण जोर लावला नाही तर काम केल्यासारखं वाटतच नाही. गाडीला तिचं इंजिन पुढे नेतंय. यांनी त्यावर भार टाकून काय साधणार?

मुकादमाने हात सैल करून बघितले. ते सैल होईनात. डोक्याला पटलेलं हातांपर्यंत पोचत नव्हतं. इतक्या वर्षांची शिकवण होती ती. भार कमी पडला की मांडी फाटते, हे हातांना पक्कं ठाऊक होतं. त्याने तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग मी मागे बसते," बायको म्हणाली.

तिने मेव्हण्याचं हेल्मेट घेतलं, पदर खोचला आणि बसली. फाटकाबाहेर पडेपर्यंतच नवऱ्याचे खांदे वर चढले. तिने उजव्या खांद्यावर थाप मारली. खांदा खाली आला, डावा वर गेला. तिने डाव्यावर मारली. टाकीपर्यंत तिने त्याला असं बडवून काढलं की हातगाडीवाला फळ्या उतरवायचं थांबवून बघत राहिला. टाकीपाशी न थांबता ते तळ्याच्या वाटेला लागले. तिथे रस्ता सरळ होता, उन्ह अंगावर येत होतं. थापा कमी झाल्या. चढावर पुन्हा सुरू झाल्या. उतारावर त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपण हँडलला नुसता स्पर्श केलाय आणि तरीही गाडी सरळ चालली आहे. कुणी पळून गेलं नाही. काही सुटलं नाही. त्याचे दात एकमेकांपासून वेगळे झाले. आवळलेले होते हे त्याला तेव्हाच समजलं.

तळ्याच्या कठड्याशी त्याने गाडी उभी केली. हातमोजे काढायचा धीर होईना. तिनेच काढले, एक एक बोट ओढून.

बोटं लाल होती. टोकांना किंचित फिकी, पण लाल. तिने नखं दाबली, सोडली. रंग लगेच परत आला. अंगठ्याने करंगळी चोळली तर त्याला ते कळलं, तिच्या अंगठ्याला सुईचा जुना व्रण आहे हेही कळलं.

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. तो कठड्यावर बसला आणि उगाचच हसायला लागला. बायकोने तोंड तळ्याकडे फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "फारच हळू चालवता हो तुम्ही. बदक पुढे गेलं मघाशी."

एवढ्यावर तिने हुरळून जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि काय काय घडलं ते लाल गाडीसकट सांगितलं. डॉक्टरने गार पाण्यात बुडवून बोटं तपासली. अर्धा तास, सावकाश, जाड हातमोजे घालून, कडाक्याच्या थंडीत अजिबात नाही, आणि बोट पांढरं दिसलं की तिथेच थांबायचं. एवढं पाळणार असाल तर चालवा, म्हणाला. बाहेर पडताना त्याने गाडी कोणत्या सालची, तेही विचारलं.

मिस्त्रीने हँडल थोडं उंच करून मागे वळवलं, म्हणजे माणूस ताठ बसेल आणि हातांवर रेलणार नाही. मुठींना जाड रबर चढवलं. पैसे घेताना तो म्हणाला की ही गाडी कुणाला द्यायची हे त्याने अंगणातल्या चढावरच ठरवलं होतं. मेव्हण्याने लाल गाडी स्वतःसाठी बघितली आणि आपल्या बायकोच्या धाकाने सोडून दिली. आता रविवारी येऊन तो राखाडी गाडीची साखळी साफ करून देतो. शिवणयंत्राचं नाव काढत नाही.

मुकादमाला जाग अजून साडेचारलाच येते. तो हात काखेत घालून पडून राहतो, मग कूस बदलून झोपतो. दहाच्या सुमाराला उन्ह तापलं की गाडी बाहेर निघते. चढ आला की खांदे अजूनही वर जातात आणि मागून थाप पडते. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारीला घाई असते.

छिन्नीच्या मजुरीतून छप्पर झालं, मुलगी शिकली, ऑपरेशन झालं. शेवटी जे उरलं त्यात आली अडीचशे सीसीची एक जुनी राखाडी मोटरसायकल, जोड सिलिंडरची, तळ्यापर्यंत जाऊन येण्यापुरती. शिवाय लोकरी अस्तराचे हातमोजे आणि दोन हेल्मेटं.